तपासणीचं तेल

हातमागावर बसणाऱ्या माणसाचे पाय दिवसभर खड्ड्यात असतात. मागाच्या पायाखालच्या पावड्या दाबून दाबून संध्याकाळपर्यंत ते जड होतातच. त्यामुळे देवरावच्या पायांवर सूज आली तेव्हा त्याला स्वतःला त्यात काही वेगळं वाटलं नाही. होळी होऊन गेल्यावर एकदा त्याची बायको अनुसया त्याच्या नडगीला तेल चोळत होती. चोळता चोळता तिचा अंगठा जोरात दाबला गेला. तिनं अंगठा उचलला, पण दाबलेल्या जागी खळगा पडला होता तो भरून आला नाही. तिनं दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं. तिथंही तसंच.

देवराव तिला म्हणाला, उन्हाळा लागला की असं होतं. पण चार दिवसांनी पाण्याची बादली घेऊन अंगणातून घरात येताना त्याला मध्येच उंबऱ्यावर बसावं लागलं. छाती भात्यासारखी हलत होती. त्या दिवसापासून त्याला मागावर बसवेना आणि अनुसयाला एका जागी बसवेना.

हा काळ नागपूरची राजधानी मुंबईला गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला. तांडापेठेत कोष्ट्यांची जी गल्ली होती तिथं आधीच सुताची टंचाई होती, माग एकेक करून बंद पडत होते आणि बरेच जण गिरणीत लागले होते. त्यामुळे देवरावचा माग थांबला याचंही कुणाला विशेष वाटलं नाही. पण शेजारच्या रंभाबाईच्याही पायांवर सूज होती. शिवाय तिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं होतं. कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी तर उठतच नव्हती. लोक म्हणत होते, गल्लीला कुणाची तरी नजर लागली.

अनुसयानं नवऱ्याला टांग्यात घालून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिले, डोळे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नाही, तेलाचा. घरात कोणतं तेल खाता? जवसाचं, ती म्हणाली. कुठून आणता? बाबनरावच्या दुकानातून, सगळी गल्ली तिथूनच आणते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तुमच्या गल्लीतून आलेला हा पहिला रोगी नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की पडीक जमिनीवर जो काटेरी पिवळा धोतरा उगवतो, त्याच्या बियांचं तेल कुणीतरी खायच्या तेलात मिसळत असणार. त्यानं अंगावर सूज येते, दम लागतो, डोळे जातात आणि कधी कधी माणूसही जातो. तेल आजपासून बंद. आणि आरोग्य खात्याकडे तक्रार करा.

घरी आल्याबरोबर अनुसयानं बरणीतलं उरलेलं तेल एका बाटलीत भरलं आणि उन्हातच आरोग्य खात्याच्या कचेरीची वाट धरली. तिथला कारकून वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली. बाटली मात्र त्यानं घेतली नाही. तो म्हणाला, बाई, ही बाटली तुमच्या घरातून आली. उद्या दुकानदार म्हणेल, हे तेल माझं नाहीच, घरी नेऊन हिनं यात काय टाकलं कोण जाणे. मग आम्ही काय दाखवणार? तिची तक्रार त्यानं नोंदवून घेतली. इन्स्पेक्टरांकडे अर्ध्या शहराची दुकानं आहेत, पाळी आली की येतील, असं सांगितलं.

पाळी कधी येईल ते मात्र त्याला सांगता येईना. अनुसया बाटली पदराखाली धरून परत आली.

त्यानंतर तिचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच कळलं नाही. ती दुसऱ्यांच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची, पण हात चालता चालता थांबायचा आणि ती उठून दाराशी जायची. गल्लीच्या तोंडाशी बाबनरावचं दुकान. बायका हातात बरण्या घेऊन जाताना दिसायच्या. तिनं प्रत्येकीला सांगून पाहिलं. काही जणींनी ऐकलं. काही म्हणाल्या, आमचं सामान उधारीवर चालते, दुसऱ्या दुकानात आम्हाले कोण उभं करते? आणि बाबनराव काही परका नव्हता. लग्नकार्यात पहिला धावून येणारा माणूस. त्याची बायको जिजाबाई तर अनुसयाच्या माहेरची, उमरेडची. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली, एकाच बैलगाडीतून दोघी पहिल्यांदा माहेरी गेल्या होत्या. जिजाबाईकडे जाऊन हे कसं बोलावं, तेच अनुसयाला सुचत नव्हतं. दोन वेळा ती तिच्या मागच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली.

मग कुसुमताई आल्या. त्या आरोग्य खात्याच्या बाई, बाळंतिणींना भेटायला आणि पोरांना देवी टोचायला गल्लीत यायच्या. अनुसयानं त्यांना वाटेतच थांबवून सगळं सांगितलं. कुसुमताई तिच्या घरी आल्या, देवरावचे पाय पाहिले आणि म्हणाल्या, "इन्स्पेक्टरची वाट पाहायलाच पाहिजे असं नाही. आता दोन वर्षांपासून भेसळीचा नवा कायदा आहे. जो विकत घेतो त्यालाही तेल तपासून घ्यायचा हक्क आहे. फक्त एक अट आहे. विकत घेतानाच दुकानदाराला त्याच्या तोंडावर सांगावं लागतं, की हे मी तपासणीला पाठवणार आहे."

"तोंडावर सांगतलं तर तो चांगल्या पिप्यातलं देईन," अनुसया म्हणाली.

कुसुमताई म्हणाल्या, म्हणून आधी त्याला तेल मोजू द्यायचं. तेल भांड्यात पडलं की पैसे देण्याआधी बोलायचं. मग त्याच्या समोरच त्या तेलाचे तीन भाग करायचे, तीन बाटल्यांत भरून लाखेनं बंद करायचे. एक बाटली त्याची, एक प्रयोगशाळेची, एक आपल्यापाशी. तपासणीची फी भरावी लागते, तेल वाईट निघालं तर ती परत मिळते. आणि साक्षीदार लागतील. एक मी येते.

दुसरी साक्षीदार म्हणून रंभाबाई यायची ठरली होती. सकाळी अनुसया तिला बोलवायला गेली तर ती पाटावर बसून राहिली. मले दिसत नाही वं नीट, मी काय साक्ष देऊ, म्हणाली. अनुसयानं तिला आग्रह केला नाही. दुकानासमोर लोक असतातच, त्यांतलं कुणीतरी उभं राहील असं म्हणून ती निघाली. दुकानात म्हणायचं वाक्य तिनं घरी कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं, पण दुकानाच्या पायरीशी आल्यावर ते सगळं डोक्यातून गेलं.

दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. बाबनरावनं नेहमीसारखी देवरावची चौकशी केली. अनुसयानं बरणी पुढे केली. त्यानं पिप्यातून माप भरलं, बरणीत ओतलं, मापाच्या कडेवरचं तेल बोटानं पुसून घेतलं. अनुसयानं बरणी उचलली नाही.

"बाबनभाऊ," ती म्हणाली, "हे तेल मी तपासणीले पाठवून राहिली. घेता घेता तुमाले सांगून राहिली."

बाबनरावला आधी कळलंच नाही. मग त्यानं तिच्या मागे उभ्या असलेल्या कुसुमताईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं आणि बरणी आपल्याकडे ओढली. "नाही विकत मी," तो म्हणाला. "इतक्या वर्सानं तुमी मले चोर म्हणता वहिनी? गल्लीसमोर?"

  कुसुमताई कायद्याचं काही सांगू लागल्या, पण तेवढ्यात आतल्या दारातून जिजाबाई बाहेर आली. ती भिंतीला हात लावत लावत आली. अनुसयानं तिला बऱ्याच दिवसांत उठून चालताना पाहिलं नव्हतं. तिच्या पायाच्या बोटांतली जोडवी मांसात रुतली होती आणि घोटे दिसत नव्हते.

जिजाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली की देऊन टाका, आपण बी तेच खातो. तेव्हा बाबनराव चिडूनच उठला. भरा, म्हणाला, तिन्ही बाटल्या भरा, माझ्या चुलीवर याच पिप्यातलं तेल चढते, सगळ्या गल्लीनं पाहून घ्या. गिऱ्हाइकांत एक बैलगाडीवाला होता, तो साक्षीला राहिला. लाख वितळवून बाटल्यांची तोंडं बंद केली. बाबनरावनं आपली बाटली देवाच्या फोटोशेजारी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. तो अगदी खरं बोलत होता, हे अनुसयाला तेव्हाच कळलं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

दुपारी ती मागच्या दारानं जिजाबाईकडे गेली. तिच्यासमोर बसली आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. दोघींनीही तो खळगा पाहिला.

"जिजा, हे तेल खाऊ नको. माझं ऐक. डॉक्टर म्हणते माणूस मरते यानं."

जिजाबाईनं पायावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आज त्यायनं चार लोकांत सांगतलं का आमच्या घरी हेच शिजते. आता मीच तेल बदललं तर? बायकोलेच भरोसा नाही म्हणतीन लोक. कागद येईपर्यंत राहू दे वं."

अनुसयानं तिला परोपरीनं सांगितलं. चोरून दुसरं तेल आणून देते म्हणाली. जिजाबाई हो म्हणाली, पण अनुसयानं दुसऱ्या दुकानातून आणलेलं तेल तिनं तसंच परत पाठवलं.

कागद लवकर येईना. राजधानी गेल्यापासून कुठली कचेरी कुठं आणि कुणाचा साहेब कोण याचा पत्ता लागत नव्हता. कपाटं रिकामी झाली होती, पेटारे बांधून ठेवले होते. अनुसया दर दोनचार दिवसांनी जाऊन विचारायची. कारकून तिला लांबूनच पाहून मान हलवायचा. घरी देवरावला आडवं होववत नव्हतं, तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. तेल बंद केल्यापासून त्याची सूज थोडी उतरली होती, पण दम तसाच. तो तिला म्हणायचा, कोर्टकचेरी आपल्यासारख्याचं काम नव्हं, सोडून दे. ती हो म्हणायची आणि चपला घालायची. गल्लीतल्या काही बायका तिच्याशी बोलत नव्हत्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. फक्त जिजाबाईच्या घराचा धूर दिसला की त्या चुलीवरचं तेल तिच्या डोळ्यांसमोर यायचं.

पाऊस सुरू झाल्यावर कागद आला. तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल होतं. कुसुमताईंनी तो वाचून दाखवला आणि पुढचं सांगितलं: या कागदाच्या आधारावर अनुसयाला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद करता येईल. आरोपी मात्र बाबनरावच होईल, कारण विकलं त्यानं. मला माहीत नव्हतं, एवढं म्हणून तो सुटणार नाही. ठोक व्यापाऱ्यानं तेल शुद्ध असल्याची लेखी हमी दिली असेल तर गोष्ट वेगळी.

अनुसया कोर्टात न जाता आधी कागद घेऊन दुकानात गेली. बाबनरावनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि गिऱ्हाइकांना जायला सांगून दुकानाच्या फळ्या लावल्या. लेखी हमी त्याच्याकडे नव्हती. इतवारीतल्या ठोक व्यापारी मनोहररावाकडून तो वर्षानुवर्षं तोंडी बोलीवर माल उचलत होता. कोर्टात त्याचं नाव सांगा, कुसुमताई म्हणाल्या.  मनोहररावानं हात काढून घेतला तर उद्या मीठसुद्धा दुकानात येणार नाही, असं काहीसं तो पुटपुटला. त्या दिवसापासून त्याच्या दुकानात आणि घरात ते तेल बंद झालं.

पण जिजाबाईला त्याचा उपयोग झाला नाही. तिची छाती पाण्यानं भरली. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि पोळ्याच्या आधी ती गेली.

अनुसया मातीला गेली, पण बाबनरावच्या समोर गेली नाही. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. आपण त्या दिवशी बरणी उचलून मुकाट्यानं घरी आलो असतो, तर बाबनराव चार लोकांत ते बोलला नसता आणि जिजानं कदाचित आपलं ऐकलं असतं, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. देवराव तिला म्हणाला की तू बोलली नसती तर आणखी दहा घरं गेली असती. तेही खरं होतं. दोन्ही खरं होतं, आणि त्यामुळेच तिला चैन पडत नव्हतं.

तेरावं झाल्यावर बाबनराव तिच्या दारात आला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"वहिनी, एक खरं सांगा. जिजाले तुमी सांगतलं होतं?"

अनुसयाच्या मनात आलं, नाही म्हणावं. त्यानं कोणाचं काय बिघडलं असतं? पण तो तिच्याकडे सरळ पाहत होता.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून तिनं आयकलं नाही."

बाबनराव चौकटीला धरून उभा राहिला.  मग म्हणाला, "चला इतवारीले."

या वेळी कुसुमताईंनी नुसत्या बाटल्या आणल्या नाहीत, इन्स्पेक्टरांना आणलं. एक कागद वाईट आलेला होता, आता त्यांना पाळीची वाट पाहता येत नव्हती. तरी बाबनराव म्हणाला, आधी मी जातो. मी बी त्याचा गिऱ्हाइकच हाय. इन्स्पेक्टर समोरच्या दुकानाशी थांबले. अनुसया बाबनरावबरोबर आत गेली.

मनोहरराव गादीवर बसला होता. जिजाबाईच्या जाण्याचं त्याला वाईट वाटलं आहे असं तो म्हणाला, आणि कदाचित वाटलंही असेल. त्यानं दोघांसाठी चहा मागवला. जुना माल परत आणून दे, त्याच्या बदल्यात नवा ने, मागचं देणं पाहून घेऊ, आपले संबंध आजचे आहेत काय, असं तो बोलत राहिला. आवाज मऊ होता. बाबनरावनं चहाची बशी हातात घेतली होती. तो गादीच्या कडेला टेकला. अनुसयाला वाटलं, झालं, हा आता बसला तर उठणार नाही. ती स्वतः उभीच होती. तिला त्याच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं, पण ती हलली नाही. हे त्यानंच करायचं होतं.

बाबनरावनं बशी खाली ठेवली. "शेठ, मले एक पिपा द्या. जिजाच्या चुलीवर जे तेल चढत होतं त्यातलंच. आन मी ते तपासणीले पाठवून राहिलो."

मनोहररावाचा चेहरा लगेच बदलला नाही. आपलं दुकान आहे, कुणाला विकायचं ते आपण ठरवू, असं तो शांतपणे म्हणाला आणि नोकराला गोदामाचं आतलं दार लावायला सांगितलं. खरेदीदाराला तो नाही म्हणू शकत होता. इन्स्पेक्टरला नाही. अनुसया बाहेर आली आणि तिनं रस्त्याच्या पलीकडे हात केला. आतलं दार लागायच्या आत इन्स्पेक्टर उंबऱ्यावर उभे होते. नमुना घेईपर्यंत आणि लाखेचे शिक्के बसेपर्यंत दुकानासमोर माल उचलायला आलेले लहान दुकानदार जमले.  त्यांतले बरेच जण त्या दिवशी रिकाम्या हातगाड्या घेऊन परत गेले.

गोदामातल्या तेलातही तेच निघालं. खटला दोघांवर झाला. बाबनरावनं पहिल्याच तारखेला कबूल केलं की तेल मीच विकलं, आणि ते कुणाकडून घेतलं तेही सांगितलं. वकील देण्याबद्दल मॅजिस्ट्रेटांनी विचारलं तर नको म्हणाला. त्याला दंड झाला. मनोहररावानं सिव्हिल लाइन्समधला मोठा वकील दिला. तारखा पडत गेल्या, पावसाळा गेला, थंडी गेली. प्रत्येक तारखेला अनुसया तांडापेठेतून चालत कोर्टात जायची. तिची साक्ष झाली, उलटतपासणी झाली. तुझ्या नवऱ्याचा माग आधीच बंद पडायला आला नव्हता काय, असं वकिलानं विचारलं. होता, ती म्हणाली, पण पाय बंद पडले नव्हते. शेवटी मनोहररावाला कैदेची शिक्षा झाली. त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं आणि जामिनावर सुटला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याचा भाऊ त्याच दुकानात, दुसऱ्या नावाच्या पाटीखाली बसू लागला.

देवराव वाचला. मागावर बसणं मात्र त्याला पुन्हा जमलं नाही. पुढच्या वर्षी तो कामठीला एका सुताच्या वखारीत बसून करायच्या कामाला लागला. सकाळच्या गाडीनं जायचा, दम लागला की वाटेत थांबायचा. रंभाबाईचा एक डोळा गेला, दुसरा राहिला. बाबनरावनं दुकान विकलं आणि तो काटोलला एका नातेवाइकाकडे संत्र्यांच्या आडतीवर काम करायला गेला. जाताना तो अनुसयाकडे आला नाही. तिनंही वाट पाहिली नाही.

उन्हाळ्यात गोळीबार चौकातून दोन बायका तिला शोधत आल्या. त्यांच्या वस्तीत दुधावर संशय होता, आणि दुकानदारासमोर नेमकं काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. अनुसया भाकरी थापत होती. तिनं त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या, आणि आपल्या पोरांचं सांगू लागल्या. अनुसयानं तव्यावरची भाकरी उलटली, हात धुतले, आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच ती उठली.

"कोणतं दुकान?" तिनं विचारलं.